सरपणाची शेगडी, क्वेबेकमधील

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील घरे उबदार ठेवण्याचे परंपरागत साधन. सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यातील माँट्रिऑल शहराचे जानेवारीतील सरासरी तापमान उणे १०° से. च्या आसपास असते. त्यामुळे घरातील ऊब हा येथे केवळ सुखसोयीचा प्रश्न नाही. प्रांतात जलविद्युत् विपुल असूनही ही शेगडी टिकून राहिली, याचे कारण तिच्या इतिहासात सापडते.

सतराव्या शतकात आलेल्या फ्रेंच वसाहतकारांनी मायदेशातील भिंतीतल्या उघड्या शेकोटीची पद्धत येथे आणली. अशा शेकोटीतील बरीचशी उष्णता धुराड्यावाटे निघून जाते आणि तिची जागा घेण्यासाठी बाहेरची थंड हवा घरात ओढली जाते. येथील कडक हिवाळ्यात ही पद्धत अपुरी पडली व बंदिस्त शेगडीचा प्रसार झाला. त्र्वा-रिव्हिएर या गावाजवळील सेंट मॉरिस येथील लोखंडाच्या कारखान्यास १७३० मध्ये राजाची परवानगी मिळाली आणि १७३८ मध्ये तेथील झोतभट्टी सुरू झाली. या कारखान्यातील बिडाच्या शेगड्या वसाहतीत सर्वत्र जाऊ लागल्या. स्वीडिश निसर्गवैज्ञानिक पेअर काल्म याने १७४९ मध्ये कारखान्यास भेट दिली होती. कारखाना १८८३ मध्ये बंद पडला.

बंदिस्त शेगडीत झडपेने हवेचा पुरवठा कमीजास्त करता येतो. त्यामुळे लाकूड सावकाश जळते आणि तापलेले बीड खोलीत सर्व बाजूंनी उष्णता सोडते. पुढे दुमजली शेगड्या आल्या. त्यांच्या वरच्या कप्प्यात भाजण्याचे काम होई व त्याच आगीवर घरही ऊब धरी. शर्करा मॅपल व पिवळा बर्च यांचे जड लाकूड सरपणास उत्तम समजले जाते. ते फोडून, रचून, पुरेसे वाळवून मगच वापरावे लागते. ओल्या लाकडातील बरीच उष्णता त्यातील पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते.

विसाव्या शतकात दगडी कोळसा व खनिज तेल यांनी शहरांतून सरपणास मागे सारले. हायड्रो-क्वेबेक ही सार्वजनिक कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली व १९६३ मध्ये खाजगी वीजकंपन्या तिच्या ताब्यात आल्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर तेलाऐवजी विजेने घरे तापविण्यास उत्तेजन मिळाले. जेम्स उपसागराच्या परिसरातील ला ग्रांद नदीवरचे मोठे वीजकेंद्र १९७९ मध्ये कार्यान्वित झाले. कालांतराने बहुसंख्य घरे विजेवर अवलंबून राहू लागली.

या अवलंबनातील धोका जानेवारी १९९८ मध्ये प्रकट झाला. ५ ते १० जानेवारी या काळात गोठणाऱ्या पावसाचा मारा झाला. तारांवर साचलेल्या बर्फाच्या भाराने शेकडो पोलादी मनोरे व हजारो लाकडी खांब कोसळले. क्वेबेकमधील तीस लाखांहून अधिक लोक अंधारात व थंडीत सापडले. माँट्रिऑलच्या दक्षिणेकडील भागात काही ठिकाणी वीज चार आठवड्यांहून अधिक काळ आली नाही. ज्या घरी शेगडी व सरपण होते, तेथे शेजाऱ्यांनीही आश्रय घेतला. उलट, बंद घरात हवेच्या वाटेविना अयोग्य साधने पेटविल्याने कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होऊन काहींचा मृत्यूही ओढवला.

आपत्तीत तारक ठरलेली शेगडी एरवी मात्र शहराची हवा बिघडविते. अपुऱ्या ज्वलनामुळे निघणारे सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. वारा नसलेल्या हिवाळी रात्री हा धूर जमिनीलगत साचून राहतो व दमा आणि हृद्‌रोग असणाऱ्यांस विशेष बाधतो. माँट्रिऑल शहरात १ ऑक्टोबर २०१८ पासून ताशी २·५ ग्रॅमपेक्षा अधिक कण सोडणाऱ्या शेगड्यांच्या वापरास बंदी आहे. नव्या शेगड्यांत वरच्या बाजूने गरम हवा सोडून धुरातील ज्वलनशील वायू पुन्हा जाळले जातात. या नियमास एक अपवाद आहे : वीजपुरवठा तीन तासांहून अधिक काळ खंडित झाल्यास कोणतीही शेगडी पेटविता येते. नित्याच्या ऊबेसाठी वीज व संकटकाळी सरपण, अशी विभागणी या अपवादाने कायद्यानेच मान्य केली आहे.