पुनरुज्जीवक पर्यटन

पुनरुज्जीवक पर्यटन : पाहुणे येऊन गेल्यावर जिथली जमीन, पाणी, जंगल आणि स्थानिकांची मिळकत आधीपेक्षा बऱ्या स्थितीत राहते, असे पर्यटन. स्थळाची हानी होऊ नये एवढीच शाश्वत पर्यटनाची अपेक्षा असते. इथे आधी झालेली हानी भरून काढण्याचे कामही पर्यटनाकडून अपेक्षित असते. त्यामुळे पर्यटकांची संख्या हा त्याचा मापदंड होऊ शकत नाही. पैसा कोणाच्या घरात गेला, ओढ्याचे पाणी कसे आहे, गर्दी कुठे थांबवायची हे कोण ठरवते, हे प्रश्न आधी विचारावे लागतात.

गेल्या दशकात ही कल्पना जगभर चर्चेत आली. पलाऊ या बेटराष्ट्राने २०१७ पासून पर्यटकाच्या पासपोर्टवरच निसर्गरक्षणाच्या प्रतिज्ञेचा शिक्का मारून त्यावर सही घेण्यास सुरुवात केली. २०१८ मध्ये न्यूझीलंडने पाहुण्यांसाठी ‘तिआकी’ वचन आणले. प्रतिज्ञा घेणे सोपे असते. खरी कसोटी गावात लागते.

महाराष्ट्रातले याचे सर्वांत जवळचे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले वेळास. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासविणी अंडी घालतात. ही अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना हाताशी धरून अंडी कुंपणाच्या आत हलवायला आणि पिल्ले समुद्रात सोडायला सुरुवात केली. कासव महोत्सव त्यानंतर काही वर्षांनी आला, आणि हा क्रमच महत्त्वाचा ठरला : आधी संरक्षण, मग पाहुणे. महोत्सवाला येणारे गावातल्या घरांत उतरतात, तिथेच जेवतात. त्यामुळे घरटे राखण्यात घरोघरचा स्वार्थ गुंतला. पिल्ले सकाळ-संध्याकाळ सोडली जातात, पण ती कधी बाहेर येतील हे कोणी सांगू शकत नाही. दोन दिवस राहून एकही पिल्लू न पाहता परतावे लागते, अशीही वेळ येते. पर्यटकाच्या सोयीसाठी कासवाचे वेळापत्रक बदलत नाही, हे वेळासचे खरे बळ म्हणावे लागेल.

याच्या अगदी उलट चित्र पुणे जिल्ह्यातल्या मावळात पावसाळी रविवारी दिसते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले ५ जण वाहून गेले. पुढच्याच वर्षी इंदुरीची पाळी आली. तळेगाव–चाकण रस्त्यावरच्या या गावात इंद्रायणीकाठी सरसेनापती दाभाडे यांचा भुईकोट किल्ला आणि त्यात कडजाई देवीचे मंदिर आहे. तुकोबांच्या चिंतनाचा भंडारा डोंगरही जवळच. गर्दी मात्र जाते ती इथल्याच नदीपात्रातल्या कुंडमळ्यावर. तिथे प्रवाहाबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी काळ्या बेसाल्टमध्ये रांजणखळगे कोरले आहेत. कुकडीकाठच्या निघोजला आहेत त्याच जातीचे. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, नदीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराखाली कोसळून ४ जणांचा मृत्यू झाला. गावकऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या ये-जा करण्याचा तो पूल सहलीला आलेल्यांच्या उभे राहण्याची जागा झाला होता.

अशा गर्दीतून गावाला काय मिळते, हे पाहण्यासारखे आहे. पावसाची सहल आणि भाताची आवणी एकाच वेळी येतात. मावळातला शेतकरी खाचरात गुडघाभर चिखलात असतो तेव्हाच पुण्या-मुंबईच्या गाड्या रस्ता अडवून उभ्या असतात. विक्री होते ती भजी, मक्याची कणसे आणि बाटलीबंद पाण्याची. तीही दोन महिन्यांपुरती. बाटल्या नदीत राहतात. ही नदी पुढे देहू-आळंदीला जाते. तिथे तिच्यावर फेस तरंगतो तो मुख्यतः सांडपाण्याचा, पण त्यात पर्यटनाने भर घालण्याचे कारण नाही.

मावळात पुनरुज्जीवक पर्यटनाला लागणारा कच्चा माल मात्र भरपूर आहे. नदीचेच नाव घेतलेला ‘इंद्रायणी’ हा भाताचा वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार झाला. कापणी-झोडणीच्या हंगामात पाहुणे आले, शेतकऱ्याकडे राहिले आणि जाताना त्याच्याकडूनच तांदूळ घेऊन गेले, तर पैसा दलालाविना शेतात पोहोचतो आणि खाचर विकण्याची घाई कमी होते. प्लॉटिंगने वेढलेल्या मावळात भातखाचर टिकणे हाच मोठा पर्यावरणीय लाभ, कारण बांध घातलेले खाचर पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवते. डोंगरावर ‘लोहगड विसापूर विकास मंच’सारखे गट गडसंवर्धनाचे काम करीत आले आहेत. जुलै २०२५ मध्ये लोहगड इतर ११ किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यामुळे वाढणारी गर्दी कोण आवरणार, हा प्रश्न आता त्या गडापुढेही आहे.

मर्यादाही उघड आहेत. ‘पुनरुज्जीवक’ म्हणवून घेण्यास कोणत्याही प्रमाणपत्राची गरज पडत नाही. चार झाडे लावून घेणारे रिसॉर्टही ते म्हणू शकते. घाटमाथ्यावर काजवे पाहायला जाणाऱ्यांनी बॅटऱ्या पाजळून आणि गवत तुडवून काजव्यांच्याच प्रजननात अडथळा आणल्याचे अनुभव आहेत. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आणि शेतकऱ्याला नोंदणीकृत केंद्र चालवण्याचा मार्ग मोकळा झाला. पण ही नोंदणी एकेका केंद्राची असते. नदीपात्र, कडे आणि गायराने तिच्या बाहेरच राहतात, आणि कुंडमळ्यासारखी गर्दी नेमकी तिथेच जमते.