सुट्टीतले काम कोणी शोधायचे?

एप्रिल-मेमध्ये परीक्षा संपतात आणि कॉलेजातली मुले गावी परततात. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात ही वेळ मोठी अडचणीची असते. ज्वारी आणि हरभरा केव्हाच घरात आलेला असतो. नांगरट उरकली की मृगापर्यंत कोरडवाहू शेतात फारसे काम नसते. साखर कारखान्यांचे गाळप थांबलेले असते. युरोप-अमेरिकेत फळांची तोडणी, हॉटेले, पर्यटन ही हंगामी कामे आणि कॉलेजची सुट्टी बहुधा एकाच वेळी येतात. आपल्याकडे मुलाला सवड असते नेमकी तेव्हाच गावात काम नसते.

‘सुट्टीत काहीतरी काम बघ’ असे आपण शिक्षक मंडळी सहज सांगून जातो. पण ते बघायचे कोणी? या प्रश्नाला वेगवेगळ्या काळांत वेगवेगळी उत्तरे दिली गेली. त्यांतली काही पाहू.

जुने उत्तर होते, ज्याचे त्याने बघावे. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, माधुकरी मागत. त्या मार्गाने शिकून मोठी झालेली माणसे पुष्कळ आहेत, पण तो मार्ग सर्वांना मोकळा नव्हता. बहुजन समाजातल्या किंवा दलित मुलाला वाराचे घर कोण देणार? शिवाय त्यात मुलाच्या हाताला काम नव्हतेच, होती ती यजमानांची मर्जी.

हे उत्तर बदलले ते साताऱ्याला. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. मुले एकत्र स्वयंपाक करीत, पाणी भरीत, संस्थेच्या जमिनीत राबत. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तिची आर्थिक बाजू मात्र आपण वर्गात क्वचितच सांगतो. भाऊराव ओगले यांच्या काचकारखान्याचा आणि किर्लोस्करांच्या नांगरांचा माल विकत गावोगाव फिरलेले होते. काम आपोआप चालून येत नाही, ते मिळवावे लागते, हे त्यांना अनुभवाने माहीत असणार. त्यांनी मुलांना काम शोधायला बाहेर धाडले नाही; संस्थेनेच जमीन मिळवली, काम उभे केले. वसतिगृह अडचणीत आले तेव्हा लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, हेही या हिशोबात धरले पाहिजे. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेही ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर. पुढे अनेक विद्यापीठांनी या नावाच्या योजना चालवल्या. त्यांतली कामे बरीचशी ग्रंथालय, कार्यालय, बाग यांतली असतात. त्यातून शिक्षणाचा खर्च थोडाफार भागतो. भूगोलाच्या मुलाने फायली लावल्या तर त्याचा भूगोल काही सुधारत नाही, एवढेच.

ही दुसरी बाजू अमेरिकेत आधीच कोणाच्या तरी ध्यानात आली होती. सिनसिनाटी विद्यापीठातले हर्मन श्नायडर हे अभियांत्रिकीचे प्राध्यापक. विद्यार्थी पैशासाठी मिळेल ते काम करतात आणि त्याचा अभ्यासाशी काही संबंध नसतो, हे त्यांना खटकत असे. १९०६ मध्ये त्यांनी २७ विद्यार्थी घेऊन एक प्रयोग सुरू केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतला एक जण आठवडाभर वर्गात, तर दुसरा कारखान्यात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. त्यामुळे कारखान्यातली जागा कधी रिकामी राहत नसे आणि मालकाला तक्रारीला वाव उरत नसे. मजुरी मिळे, आणि यंत्राशी झगडताना पडलेले प्रश्न मुलगा वर्गात घेऊन येई. इथेही कारखानदारांशी बोलणी केली ती विद्यापीठाने. अर्थात सिनसिनाटीत यंत्रे बनवणारे कारखाने दाराशीच होते. धाराशिवला ती सोय नव्हती.

आपल्या जिल्ह्यात हाताला काम देण्याची जबाबदारी मोठ्या प्रमाणावर प्रथम उचलली ती सरकारने, आणि तीही दुष्काळामुळे. १९७२ च्या दुष्काळात हा जिल्हा होरपळला. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते यांची कामे निघाली. खडी फोडणाऱ्यांत शिकणारी मुलेही होती. सुकडी आणि लाल मिलो यांची आठवण त्या पिढीला अजून आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात ज्या कल्पनेचा प्रयोग झाला होता, तिचीच पुढे रोजगार हमी योजना झाली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अठरा वर्षांवरील कोणीही मागितले तर पंधरा दिवसांत काम द्यायचे, हे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले. साताऱ्यात संस्थेने जे केले ते इथे राज्याने केले.

शिकणे मात्र या हमीत नव्हते. काम अंगमेहनतीचे, कॉलेजकुमारालाही कुदळच मिळे. फार तर एखाद्याला हजेरी सहाय्यकाची जागा. खरे तर त्या खड्ड्याशीही शिकण्यासारखे बरेच होते. मजुरी खणलेल्या मातीच्या मापावर ठरते. त्यासाठी खड्ड्यात मध्येच मातीचा एक उंचवटा न खणता ठेवतात, त्यावरून मूळ जमिनीपासूनची खोली कळते. लांबी, रुंदी, खोली यांचा गुणाकार म्हणजे घनफळ. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. ज्याला हे मापन येते त्याची मजुरी बुडवणे अवघड. आठवीच्या भूमितीला याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

शिकण्याशी जोडलेले काम या भागात ठळकपणे दिसले ते एका आपत्तीनंतर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतली गावे उद्ध्वस्त झाली. पुनर्वसनासाठी कुटुंबांची आणि घरांची पाहणी करावी लागली. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहणीत समाजकार्याचे विद्यार्थी होते. या संस्थेचे केंद्र तुळजापूरला भूकंपाच्या आधीपासूनच होते. प्रश्नावली कशी भरायची, दुःखात असलेल्या माणसाला किती विचारायचे आणि कुठे थांबायचे, हे पुस्तकातून कळत नाही.

आता हा प्रश्न मुलाच्या खिशापुरता राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक मिळाले. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. तीत सहा महिन्यांसाठी बारावी झालेल्याला दरमहा सहा हजार, तर पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. म्हणजे धाराशिव, कळंब, उमरगा, परंडा इथल्या प्रत्येक कॉलेजला जागा शोधणे भाग आहे. जागा नाही म्हणून ओळखीच्या दुकानाचा शिक्का मारून प्रमाणपत्र आणायची वाट सर्वांत सोपी, आणि आमची भीती तीच आहे.

कारखाने कमी असले तरी कामे मुळीच नाहीत असे नव्हे. साखर कारखान्याचे गाळप थांबते तेव्हा दुरुस्ती सुरू होते. एरवी बंदिस्त असलेली यंत्रे उघडतात, लाटांचे रोलर बाहेर काढतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात. यंत्राचे पोट पाहायला मे महिन्यासारखा महिना नाही. तेरला प्राचीन तगर नगराचे अवशेष आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तिथे नोंदी करण्याचे काम मागता येईल.

आणि विहिरी तर गावोगाव आहेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. पण त्या विहिरी मोजक्याच. बाकीच्या विहिरींसाठी टेप, दोरी, टोकाला बांधलेले वजन आणि एक वही पुरे. काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायचे, त्यातून कठड्याची उंची वजा करायची, तारीख लिहायची, गेल्या दोन-चार तासांत मोटार चालली होती का ते विचारून टिपायचे. ग्रामपंचायतीने या कामाचे दिवसाला काही द्यावे म्हणून सरपंचांकडे शब्द टाकायचा तो विद्यार्थ्याने नव्हे, कॉलेजने. आणि तोही मार्चमध्येच, सुट्टी लागण्यापूर्वी.