चंद्रावरचा भगू

विज्ञानकाल्पनिक साहसपटांत कोणाला स्थान मिळाले आणि कोणाला नाही, हा प्रश्न बहुधा अमेरिकन चित्रपटांच्या अनुरोधाने विचारला जातो. हिंदी बोलपटाच्या इतिहासात तो विचारावयाचा झाल्यास टी. पी. सुंदरम यांच्या ‘चाँद पर चढाई’ (१९६७) या चित्रपटाकडे वळावे लागते. आर्मस्ट्राँगचे पाऊल चंद्रावर पडण्यास तेव्हा दोन वर्षांचा अवकाश होता. त्याआधीच दारासिंग कॅप्टन आनंद होऊन तेथे उतरले, अक्राळविक्राळ प्राण्यांशी आणि परग्रहावरील योद्ध्यांशी झुंजले. आणि त्यांच्या सोबतीला होता भगू.

भगू म्हणजे भगवान आभाजी पालव, अर्थात भगवानदादा. गिरणीकामगाराच्या पोटी १९१३ साली जन्मलेल्या या नटाने स्वतः मजुरी केली, मूकपटांच्या काळात पडद्यावर पाऊल टाकले आणि पुढे थोडक्या भांडवलात मारधाडीचे चित्रपट काढले. ते पाहावयास गिरणगावातला कष्टकरी गर्दी करी. या प्रेक्षकाच्या आवडीनिवडीला पांढरपेशा समीक्षेने कधी रुचीचा दर्जा दिला नाही, ही गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. ‘अलबेला’त (१९५१) तर भगवानदादा स्वतः नायक होते, आणि समोर गीता बाली होती. पृथ्वीवर नायक झालेला हा माणूस सोळा वर्षांनी चंद्रावर गेला तो मात्र सांगाती म्हणून, नावाचेही अर्धे टरफल घेऊन.

यान नवे होते. पात्रांची उतरंड मात्र थेट संस्कृत नाटकातली. राजाने संस्कृत बोलावे, विदूषकाने प्राकृत. तेथला विदूषक निदान जातीने ब्राह्मण तरी असे! अवकाशयुगात त्या जागी गिरणीकामगाराचा मुलगा बसला. प्रतिनिधित्वाचा विचार केवळ शिरगणतीने का होत नाही, ते येथे कळते. भगू चित्रात आहे, पण कथानकाची सूत्रे त्याच्या हाती नाहीत.

दारासिंग तरी कोठले मोठ्या घरचे? अमृतसरकडच्या खेड्यातून आलेला हा मल्ल; प्रतिष्ठित नायिका त्यांच्यासमोर उभ्या राहावयास नाखूश असत. म्हणजे उपेक्षितांच्या या प्रांतातही पुन्हा वरची आणि खालची पायरी होतीच. पुढे २००३ साली दारासिंग दिल्लीस राज्यसभेवर नियुक्त झाले. भगवानदादा त्याच्या आदल्या वर्षी दादरच्या चाळीत वारले होते. दोघांच्या दैवाचा हा फरक एका चित्रपटाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि पडद्यावरील क्रम आणि पडद्याबाहेरील क्रम इतके जुळावेत, हे विसरता येत नाही.

स्त्रियांची कथा याहून वाकडी आहे. वाडिया बंधूंच्या ‘हंटरवाली’त (१९३५) नादियाच्या हाती चाबूक होता, आणि अन्यायाचे पारिपत्य तीच करी. नादिया जन्माने ऑस्ट्रेलियातली. देशी नायिकेला जे कोणी करू दिले नसते ते गोऱ्या कातडीला खपून गेले, असाही त्याचा अर्थ लावता येईल. परंतु जवळजवळ नव्वद वर्षांनी आलेल्या ‘कल्कि २८९८ एडी’त (२०२४) दीपिका पदुकोण यांची सुमती प्रथम एका क्रमांकाने ओळखली जाते, आणि तिचे मोल ठरते ते तिच्या गर्भावरून. तिच्या रक्षणासाठी लढतो तो अश्वत्थामा. आठ शतकांपुढचे जग कल्पिणाऱ्यांना तिच्या हाती निदान नादियाचा चाबूक द्यावयास काय हरकत होती?

या उतरंडीला उलटे करून पाहणारी एक कृती आरती कडव यांची आहे. त्यांच्या ‘कार्गो’त (२०१९) ‘पुष्पक’ नावाचे यान राक्षस चालवितात. नायकाचे नाव प्रहस्त, रावणाच्या सेनापतीचे. आणि त्याची मदतनीस म्हणून आलेली युविष्का हळूहळू त्याच्या बरोबरीने काम करू लागते. मृतांना पुनर्जन्मासाठी तयार करणे हा या राक्षसांचा रोजचा धंदा. चित्रपटात मारामारी जवळजवळ नाहीच, आणि म्हणून साहसपटांच्या यादीत त्याला कोणी धरणार नाही. परंतु वर्षानुवर्षे तीच पाळी करणाऱ्या प्रहस्ताला गिरणगावातल्या प्रेक्षकाने ‘आपला’ म्हणून सहज ओळखले असते.