मगनवाडीतला ख्रिस्ती हिशेबनीस : कृपा, श्रद्धा आणि कर्माचा वर्ध्यातला वाद

१/ वर्धा म्हटले की गांधी, विनोबा, जमनालाल बजाज ही नावे ओठांवर येतात. ख्रिस्ती धर्मशास्त्रातला दीड हजार वर्षांचा एक जुना वाद याच गावात, तेलघाणी आणि हातकागदाच्या शेजारी, पुन्हा उभा राहिला होता हे मात्र फारसे सांगितले जात नाही. आजचा धागा त्या वादाचा, आणि जोसेफ चेल्लदुराई कॉर्नेलियस कुमारप्पा या माणसाचा.

२/ आधी वाद समजून घेऊ. माणसाचे तारण कशाने होते? संत पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सारा भार श्रद्धेवर ठेवला. बायबलातच असलेल्या याकोबाच्या पत्राने कृतीत न उतरणाऱ्या श्रद्धेला कवडीमोल ठरवले. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस नावाचा साधक सांगू लागला की माणूस स्वतःच्या निश्चयाने सदाचारी होऊ शकतो. ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला : माणसाची इच्छाच रोगट आहे, ईश्वरी कृपेवाचून ती चांगल्याची इच्छासुद्धा धरू शकत नाही. इ.स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मते त्याज्य ठरवली.

पुढे सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने केवळ श्रद्धेचा पक्ष घेतला आणि याकोबाच्या पत्राला खालची पायरी दाखवली. कॅल्विनने तर्क शेवटपर्यंत नेला : कोण तरणार आणि कोण नाही, याची निवड देवाने आधीच केलेली आहे. आर्मिनियसच्या अनुयायांना हे मान्य नव्हते. हॉलंडमधल्या डॉर्टच्या धर्मसभेत (१६१८-१९) त्यांचा पराभव झाला.

३/ हा पेच केवळ युरोपाचा नाही. रामानुजांच्या तमिळ परंपरेतही तो निर्माण झाला आणि तिथे वडकलै व तेनकलै असे दोन पंथ पडले. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहते. मांजराच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. भक्त यांपैकी कोणासारखा, एवढाच प्रश्न. हे मांजर लक्षात ठेवा, शेवटाकडे लागेल.

४/ गांधींची या वादाशी पहिली गाठ प्रिटोरियात पडली. प्लिमथ ब्रदरन या पंथाच्या एका गृहस्थाने त्यांना समजावले की प्रयत्नाने पापमुक्ती अशक्य आहे, ओझे येशूवर टाकून निश्चिंत व्हावे. गांधींचे उत्तर असे की मला पापाच्या फळापासून सुटका नको आहे, पापापासूनच हवी आहे. तो गृहस्थ पुढे जाणूनबुजून काही गैर वागला आणि त्याने आपली निश्चिंतता सिद्ध करून दाखवली, असे गांधींनी आत्मकथेत नोंदवले आहे. गोष्ट मजेदार आहे, पण ती कृपावादाचे व्यंगचित्र आहे. ऑगस्टीन किंवा ल्यूथर यांनी त्या गृहस्थाला उभे केले नसते. खरी श्रद्धा सत्कृत्याचे फळ धरतेच, असे ल्यूथरचेही म्हणणे होते.

५/ आता कुमारप्पा. जन्म ४ जानेवारी १८९२, तंजावर, धर्मनिष्ठ ख्रिस्ती घराणे. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण, मुंबईत व्यवसाय, मग अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र. १९२९ मध्ये गांधींची भेट झाली आणि विलायती पोशाख सुटला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी ख्रिस्ती कार्यकर्त्यांना जाहीर आवाहन केले. कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन बिशप फॉस वेस्टकॉट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. येशूचा अनुयायी सरकारच्या लाठीमारापुढे गप्प कसा राहू शकतो, हा त्यांचा प्रश्न होता.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालालजींनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, घाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाशापालन यांचे प्रयोग सुरू झाले. धाकटे बंधू भारतनही याच कामात आले. भारतन यांचा प्रबंध होता रामानुजांच्या ईश्वरकल्पनेवर! म्हणजे कृपेचे तत्त्वज्ञान कोळून प्यालेला एक भाऊ आणि हिशेबाच्या वह्या तपासलेला दुसरा, दोघे एकाच आवारात.

६/ वादाला धार आली ती १९३६ मध्ये. आदल्या वर्षी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती आणि मिशनरी संस्थांच्या आशा उंचावल्या होत्या. प्रॉटेस्टंट मिशन चळवळीचे जागतिक नेते जॉन मॉट गांधींना भेटायला वर्ध्याजवळच्या सेगावात (आजचे सेवाग्राम) आले. गांधींचे म्हणणे : सेवा करा, धर्मप्रसार नको. पण त्याच संभाषणात ते असेही बोलून गेले की गायीला कोणी शुभवर्तमान सांगते का, आणि काही अस्पृश्यांची समज गायीहूनही कमी आहे.

या वाक्याने मिशनरी दुखावले, बाबासाहेबांनीही ते विसरू दिले नाही. इथे कृपेचा मुद्दा पोथीबाहेर येतो. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले की तुझ्या पूर्वकर्मानेच तू विहिरीपासून दूर आहेस, त्याच्या कानी ‘पात्रता न पाहता मिळणारी कृपा’ हे शब्द पडले तर त्याला ते सुटकेचे वाटणारच. ‘आधी कृती’ म्हणणाऱ्या वर्ध्याने ही बाजू पुरेशी ऐकली नाही, असे माझे मत आहे.

७/ डिसेंबर १९३८. मद्रासजवळ तांबरमला आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद भरली. हेंड्रिक क्रेमर या डच पंडिताचा ग्रंथ तिथे चर्चेच्या केंद्रस्थानी होता. कार्ल बार्टच्या छायेत वाढलेला हा विचार : माणसाची कोणतीही धार्मिक साधना देवापर्यंत पोचत नाही, देवच माणसाकडे येतो. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातले ए. जी. हॉग आणि चेंचय्या-चक्करै यांच्यासारखे भारतीय ख्रिस्ती विचारवंत याला तयार नव्हते. परिषद २९ तारखेला आटोपली. दुसऱ्याच दिवशी वर्ध्यात गांधींनी मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. तांबरममध्ये कृपेवर खल, वर्ध्यात चरखे आणि घाण्या मांडलेल्या!

८/ ‘छोडो भारत’ आंदोलनानंतर कुमारप्पांना तुरुंगवास घडला. जबलपूरच्या तुरुंगात दोन पुस्तके झाली. एक येशूविषयी, त्याच्या नावातच येशूचे आचरण आधी आहे आणि उपदेश नंतर. दुसरे ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’, म्हणजे शाश्वत अर्थव्यवस्था. दोन्हींना गांधींची प्रस्तावना आहे.

दुसऱ्या पुस्तकात त्यांनी निसर्गातल्या अर्थव्यवहाराच्या पायऱ्या लावल्या. तळाशी दुसऱ्याला मारून जगणारा परोपजीवी व्यवहार, मग लुटारू, उद्यमी, सामूहिक आणि सर्वांत वर सेवेचा. या वरच्या पायरीचा नमुना कोणता? परताव्याची अपेक्षा न ठेवता पिल्लांना भरवणारी, त्यांच्यासाठी जीव धोक्यात घालणारी आई. आयुष्यभर कृतीचा हिशेब मागणाऱ्या या हिशेबनिसाने कळसावर ठेवले ते न कमावलेले, फुकट मिळणारे प्रेम. तेनकलै पंडितांना आपले मांजर इथे लगेच ओळखू आले असते.

९/ वर्ध्याचे दुसरे उत्तर विनोबांचे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये त्यांनी दिलेली आणि साने गुरुजींनी टिपलेली गीता-प्रवचने आठवा : बाहेरच्या कर्माला आतल्या विकर्माची, म्हणजे मनाच्या ओलाव्याची जोड मिळाली की अकर्म साधते, कर्माचा भार उरत नाही. पुढे त्यांनी ‘ख्रिस्त-धर्म-सार’ही संकलित केले.

१०/ स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या योजनांशी कुमारप्पांचे जमले नाही. १९५१ च्या सुमारास ते वर्धा जिल्ह्यातल्याच सेलडोहला गेले. तिथे पन्नै आश्रम काढून त्यांनी शेतीचे प्रयोग आरंभले. प्रकृतीने साथ दिली नाही, तेव्हा ते मदुराईजवळच्या कल्लुपट्टीला राहायला गेले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचे निधन झाले. मगन संग्रहालय आजही वर्ध्यात उघडे आहे. गेलात तर तेलघाणीपाशी थोडे थांबा.