फायरप्लेस, सिमेंट आणि ‘पक्कं’ काम

महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यातली फायरप्लेस ढासळली की मालकाचं आणि कंत्राटदाराचं चटकन एकमत होतं: सगळं उकलून सिमेंटात पक्कं बांधून काढा. यामागचा पूर्वपक्ष असा, की चुना ही सिमेंट मिळत नव्हतं तेव्हाची तडजोड. यातलं अर्धं खरं आहे. जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं १८२४ मध्ये आणि मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने हे ठाणं वसवलं ते त्यानंतर चार-पाच वर्षांनी. इथल्या गवंड्याला सिमेंट मिळणार कुठून? पण नाइलाजाने वापरलेला माल निकृष्टच असतो, हे कुठलं तर्कशास्त्र?

मजबुती कशापुढे, ते आधी ठरवा. या बंगल्यांचा जांभा दगड सच्छिद्र. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस तो पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. ही ओल चुन्याच्या मऊ दर्जांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, निघून जाते. दर्जा सिमेंटने भरल्या की तिला दगडातूनच वाट काढावी लागते. अशी ‘दुरुस्त’ भिंत जवळून पाहा. सिमेंटच्या रेघा ताठ पुढे आलेल्या, मधला जांभा आत झिजलेला. नखाने खरवडलं तरी लाल भुकटी निघते. माल टिकला, भिंत गेली.

जाळापुढे तर सिमेंटचा दावा आणखीच लंगडा. घट्ट झालेल्या सिमेंटमधलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड ४०० ते ५०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान विघटित होऊन त्याचा कळीचा चुना होतो. आग विझल्यावर तो हवेतली ओल ओढून फुगतो आणि सांधा फोडतो. महाबळेश्वरात ओलीला काय तोटा!

पण चुन्याचे कट्टर भक्तही इथे चुकतात. घाणीत मळलेला, गूळ-हिरडा घातलेला चुना धुराड्याच्या बाहेरच्या बांधणीला उत्तम. जाळ थेट लागतो तिथे तोही भाजून निघतो. तिथे फायरब्रिकच हवी, आणि फायरक्लेचा पातळ सांधा. भोवतीच्या दगडकामाला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, ग्रॅनाइटपेक्षा बरा. ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्झ ५७३ अंशांना एकदम फुगतं आणि दगड तडकतो. बेसॉल्टमध्ये ते जवळपास नसतंच. मात्र पांढऱ्या खड्यांनी भरलेला काळा दगड घेऊ नये. ते खडे बहुधा झिओलाइटचे, त्यांच्यात पाणी असतं. चकचकीत ग्रॅनाइटची हौस जाळापासून लांब, वरच्या फळीवर भागवावी. लोखंडी पत्रा लावण्याचा सल्लाही मिळेल. पण काउंट रम्फर्डने फायरप्लेसवरच्या १७९६ च्या निबंधातच लोखंड बाजूला सारून दगड-विटांची बाजू घेतली होती.

चुन्यात काम करणारा गवंडी मिळत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. शोधावा लागतो. तो मिळाला की काम दिवाळीनंतर काढा, पावसाच्या तोंडावर नको. आणि दर्जा भरून झाल्यावर निदान महिनाभर फायरप्लेस पेटवू नका.