टॉवर चौक, जळगाव

जळगाव शहराच्या बाजारपेठेतील प्रमुख चौक. रेल्वे स्थानकाकडून नेहरू चौकमार्गे येणारा रस्ता येथे जुन्या पेठेला मिळतो. घड्याळाच्या मनोऱ्यावरून चौकाला हे नाव पडले. मनोऱ्याला लालबहादूर शास्त्रींचे नाव आहे. ‘शास्त्री टॉवर’ असे पत्त्यात लिहितात, रिक्षावाल्याला मात्र नुसते ‘टॉवर’ म्हटले की पुरते.

पेठ मनोऱ्याहून जुनी. १८६०च्या दशकात रेल्वे आली आणि त्याच सुमारास अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१–६५) खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव कापसाची मोठी पेठ बनले. युद्ध संपताच भाव कोसळले, व्यापारी बुडाले. पेठ मात्र उठली नाही. नगरपालिका १८६४ची. जवळच्या पोलन पेठेच्या नावात इंग्रजी अमदानीतला एक अधिकारी अजून टिकून आहे. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले, तोवर धुळ्याला असलेल्या कारभाराचा निम्मा वाटा जळगावला मिळाला आणि व्यापारी गाव जिल्ह्याचे ठाणे झाले.

चौकालगतचे महात्मा फुले मार्केट पालिकेचे. आत कपड्यांची दुकाने, बाहेर हॉकर्सच्या गाड्या. सणासुदीला पायऱ्या कुठे संपतात आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळत नाही. पालिकेच्या मार्केटमधील बऱ्याच गाळ्यांच्या करारांची मुदत २०१२ मध्ये संपली आणि भाड्याचा वाद वर्षानुवर्षे चालला. या इमारतींचा अलीकडचा इतिहास वास्तुशिल्पापेक्षा या गाळ्यांचाच अधिक आहे. जवळचे गोलाणी मार्केट मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी ओळखले जाते; सोने घ्यायचे तर पुढे सुभाष चौकातल्या सराफ बाजारात जावे लागते.

चौकातून नेहरू चौकाकडे निघाले की महापालिकेची सतरा मजली इमारत समोर येते. महापालिका २१ मार्च २००३ रोजी अस्तित्वात आली. इमारत त्याआधीची, म्हणजे एका नगरपालिकेने बांधलेली. जिल्ह्याच्या गावातील नगरपालिकेने एवढी उंची गाठावी याचे त्या काळी अप्रूप होते. गंमत म्हणजे कागदोपत्री तिचे नाव सरदार वल्लभभाई पटेल टॉवर. पण ‘टॉवर’ हा शब्द घड्याळाने आधीच अडवून ठेवलेला. त्यामुळे घरपट्टी भरायला निघालेला जळगावकर आजही ‘सतरा मजलीवर जाऊन येतो’ असेच सांगतो.