दहावी नसली तरी

गंगापूर धरणाच्या वाटेवर मुक्त विद्यापीठ लागतं ना, ते १९८९ साली सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. दहावी अर्धवट राहिलेल्या बाईला कॉलेजची दारं सहसा बंदच असायची. इथे 'पूर्वतयारी' केली की पदवीला बसता येऊ लागलं. पुस्तकं मराठीतून, स्वयंपाक उरकून घरी वाचायची. भाजीपाला, फळबाग उत्पादनाच्या पदविकाही आल्या.

आमच्या गटातल्या एक ताई अशाच चाळिशीत बीए झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "आता कलेक्टर होणार वाटतं!" (पेढे मात्र त्यांनीच वाटले.) मग ताई एका कारखान्यात गेल्या. साहेबांनी पदवीचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "मशीन चालवता येतं?"

ताई आता मशीनचं काम कुठे शिकता येईल ते शोधताहेत. कुणाला ठाऊक असेल तर बैठकीत सांगा.